एका दाराचं सागवानी घर

वरच्या मजल्यावरच्या ताई त्यांचे दोन गिनीपिग माझ्याकडे ठेवून महिनाभर भारतात जाणार म्हणाल्या, तेव्हा मला आनंद व्हायच्या आधी संशय आला. मीच का? सनीव्हेलच्या आमच्या अपार्टमेंटच्या आवारात मराठी घरं काय कमी होती? शिकलेल्या बायका होत्या, गाडी चालवणाऱ्या होत्या, दुकानात जाऊन इंग्रजीत भांडून वस्तू परत करणाऱ्या होत्या. आणि मी आठवीत शाळा सुटलेली, संगमनेरकडच्या एका खेड्यातून थेट इथे येऊन पडलेली. आत्याच्या मुलाशी माझं लग्न लहानपणीच ठरलेलं होतं. तो शिकत शिकत इंजिनिअर झाला आणि तरीही त्यानं शब्द मोडला नाही. ह्या एका गोष्टीपायी मी इतकी उपकृत होते की ताटात मीठ कमी पडलं तरी मला धडकी भरायची.

दोन हजार चारचा डिसेंबर असावा. ताईंचेही माझ्यावर उपकारच होते. इथल्या पहिल्या थंडीत मी तापानं फणफणले, तेव्हा त्या ऑफिसातून येऊन पेज करून द्यायच्या. कपडे धुवायच्या मशिनचं कुठलं बटण दाबायचं, सिग्नलला कधी रस्ता ओलांडायचा, सगळं त्यांनीच शिकवलं. चारचौघीत कुणी मला "तुझं शिक्षण काय गं?" विचारलं की त्या हळूच विषय बदलायच्या. त्यामुळे त्यांना नाही म्हणायची सोयच नव्हती.

"अगं, तू दिवसभर घरी असतेस ना, म्हणून," त्या म्हणाल्या.

ते खरंच होतं. माझा व्हिसा नवऱ्याच्या व्हिशाला टांगलेला, काम करायची परवानगी नाही. तरी मनात किडा वळवळलाच, की एवढंच कारण असेल?

पिंजरा खाली आणला तेव्हा त्यांची नऊ वर्षांची लेक बरोबर होती. तिनं मला सगळं इंग्रजीत समजावलं आणि ताईंनी मराठीत. मोठी तपकिरी, धीट. छोटी पांढरी, भित्री. गवत कायम भरलेलं हवं, पाणी रोज ताजं, ढोबळी मिरची आणि कोथिंबीर रोज थोडी. लेकीनं पांढरीच्या पाठीवरून एकदा बोट फिरवलं आणि मला म्हणाली, "शी इज व्हेरी शाय, मावशी. प्लीज डोन्ट लेट हर डाय."

"काय बोलतेस!" ताई तिच्यावर ओरडल्या. मग मला म्हणाल्या, "लक्ष देऊ नकोस. तिचा जीव आहे त्या पांढरीत."

मी मात्र ते वाक्य मनात घट्ट धरून बसले. मरेल असं तिला का वाटलं असेल?

पिंजऱ्यात एक घर होतं. तसं घर मी अजूनपर्यंत कुठल्या पिंजऱ्यात पाहिलेलं नाही. ताईंच्या सासऱ्यांनी नातीसाठी पुण्यातल्या सुताराकडून सागवानात करून घेतलेलं आणि कुणाच्या तरी सामानात घालून पाठवलेलं. सुतार देवघरं करणारा. त्यामुळे त्यानं केलं ते देवघरच झालं होतं. वर छोटासा कळस, पुढे महिरप असलेलं दार, तीन बाजू बंद. हात लावला तर जड. "ह्याला जप हं," ताई म्हणाल्या, "आजोबांची आठवण आहे."

दोन्ही गिनीपिगांची नावं मी मनातल्या मनात बदलून टाकली. थोरली आणि धाकटी. जावांसारखी. आमच्या घरी आईही धाकटी होती आणि चुलती थोरली. वाढायला थोरली बसायची, आई सगळ्यांच्या मागून जेवायची. लहानपणी मी चुलीच्या बाजूला बसून ते बघायची आणि थोरलीवर दात ओठ खायची. तेव्हा ह्या दोघींकडे मी कुठल्या नजरेनं पाहिलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

आणि थोरलीनं मला पुरावे भरपूर दिले. घरात आधी ती शिरायची. धाकटी मागून आत डोकावली की आतून दात कटकट वाजल्याचा आवाज यायचा आणि धाकटी उलट्या पायी बाहेर. कधी धाकटी आधी आत गेलेली असायची, मग थोरली दारातच बूड टेकून बसायची. आतली आतच. बाहेर कोथिंबीर पडलेली, थोरली ती मान लांब करून खातेय आणि धाकटीचा फक्त श्वास ऐकू येतोय. कधी थोरली कंबर हलवत, घशातून गाडीच्या इंजिनासारखा घर्रर्र आवाज काढत धाकटीभोवती फिरायची. मला तो सरळ दम देण्याचा प्रकार वाटायचा.

मी संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. "अहो, ती मोठी ह्या छोटीला खाऊ देत नाही."

"अगं, उंदरांची जात ती. त्यांच्यात काय पंक्ती असतात का?"

"शेपटी नाही त्यांना. उंदीर म्हणू नका."

"बरं, बिनशेपटीच्या. पण तू टेन्शन घेऊ नको यार. महिन्याभराचा तर प्रश्न आहे."

तो सोफ्यावर लॅपटॉप उघडून बसला. तो खरंच निर्धास्त होता की माझ्याकडून काही बिघडणार हे त्यानं आधीच धरून ठेवलं होतं?

मग कुकरचीही शंका आली. शिट्टी झाली की दोघी एकदम घराकडे धावायच्या आणि त्या एका दारात अडकायच्या. एकदा त्या धक्काबुक्कीत धाकटीच्या कानाला ओरखडा आला. लालसर रेघ लांबूनही दिसत होती. त्या दिवसापासून मी वरण पातेल्यात शिजवायला लागले, पण त्यानं भांडण काही थांबलं नाही. दाराबाहेर कुणाची पावलं वाजली, तरी तसंच. बाथरूमचा फ्लश ओढला, तरी तसंच. आवाज कुठला ह्याला महत्त्व नव्हतं. घाबरलं की दोघींना एकाच दारानं आत जायचं होतं.

हे तेव्हा मला दिसत होतं, पण कळत नव्हतं. मला कळलं ते एवढंच की थोरली दुष्ट आहे. म्हणून एके दिवशी नवरा ऑफिसच्या शटलनं गेल्यावर मी न्याय केला. कपड्यांची मोठी प्लास्टिकची टोपली घेतली, तळाशी जुना टॉवेल घातला, गवत घातलं, पाण्याची बाटली अडकवली, आणि धाकटीला उचलून तिच्यात ठेवलं. सागवानी घरही तिलाच दिलं. थोरलीला रिकामा पिंजरा. घे, बस आता उघड्यावर!

धाकटी घरात शिरली आणि बाहेरच आली नाही.

आधी वाटलं, बिचारीला पहिल्यांदा निवांतपणा मिळालाय, झोपू दे. दुपारी कोथिंबीर दारापाशी ठेवली. संध्याकाळी ती तशीच, सुकलेली. ढोबळी मिरचीची फोड ठेवली. तीही तशीच. घर जरा उचलून पाहिलं तर ती कोपऱ्याला अंग चिकटवून बसलेली, डोळे उघडे, अंग फुगवलेलं. खाली लेंड्या जवळजवळ नाहीतच. उचलली तर हाताला हलकी लागली. पिंजऱ्यातून थोरलीच्या शिट्ट्या चालू होत्या. एरवी फ्रिजचं दार उघडलं की ती शिट्टी मारायची. आज फ्रिज बंद असतानाही मारत होती. मला वाटलं, हुकूम चालवायला कुणी उरलं नाही म्हणून बोंबलतेय.

"तुम्ही हात लावला होता का हिला?" नवरा आल्या आल्या मी विचारलं.

"मी? मी त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही."

"मग हिला झालं काय?"

त्यानं इंटरनेटवर शोधलं. वाचता वाचता त्याचा चेहरा बदलला. "अगं, हे सीरियस असतं म्हणे. ह्यांचं पोट सतत चालू लागतं. दिवसभर खाल्लं नाही तर जाऊ शकतात. आणि आजारी असल्या तर शेवटपर्यंत दाखवत नाहीत. लपवतात." मग म्हणाला, "उद्या डॉक्टरकडे नेऊ. सकाळची मीटिंग झाली की मी येतो."

लपवतात हा शब्द ऐकला आणि माझा किडा सरसर वर चढला. मग ही आधीपासूनच आजारी असेल. ताईंना ठाऊक असेल. म्हणून तर माझ्याकडे दिली नसेल? शिकलेल्या बाईच्या घरी मेली असती तर का, कशी, असे प्रश्न आले असते. माझ्या घरी मेली तर उत्तर तयार होतं: तिला काय कळतंय, खेड्यातली आहे. पेज करून देणाऱ्या बाईबद्दल मी असला विचार करतेय, ह्याची लाज वाटत होती. पण लाज वाटली म्हणून विचार गेला नाही. डोळ्यांसमोर ती मुलगी यायची. पांढरीच्या पाठीवरून फिरणारं तिचं ते एक बोट. मी टोपलीपाशी बसून ताईंनी दिलेल्या खाद्याच्या गोळ्या पाण्यात भिजवल्या आणि चमच्याच्या टोकानं धाकटीच्या तोंडाशी धरल्या. तिनं थोडं चाटलं आणि तोंड फिरवलं.

सकाळी नवरा गेल्यावर मी आईला फोन लावला. तिकडे रात्रीची जेवणं झालेली असायची. कॉलिंग कार्डाचे लांबलचक आकडे एकेक करून दाबले.

"कसली डुकरं म्हणालीस?" आईनं विचारलं.

"डुकरं नाहीत गं. सशाएवढी असतात, बिनशेपटीची. त्यातली छोटी खातच नाहीये. दुसरी तिला फार छळायची, म्हणून मी वेगळी काढली."

"वेगळी काढली म्हणजे? एकटीच ठेवली?"

"हो. स्वतःचं घर दिलं, सगळं दिलं."

आई हसली. "आणि ती जेवंना, व्हय? अगं, एकट्याला घास उतरतो का? नवीन नवरी होऊन आले तेव्हा तुझी थोरली काकू ताटाला बसल्याबिगर माझ्या घशाखाली काही जात नव्हतं."

"काय सांगतेस! ती तर तुला मागून वाढायची."

"मागून वाढायची, कारण तीबी मागूनच जेवायची. आम्ही दोघी संगट बसायचो, तू तवर झोपलेली असायचीस. तुला कुणी सांगितलं ती छळायची म्हणून?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मी आपलं चुलीच्या बाजूला बसून ठरवलं होतं. पण तेव्हा त्यात शिरायला वेळ नव्हता. आई पुढे बोलत होती, "दोघींना एकत्र सोड आन् बघ तरी. भांडल्या तर भांडल्या. मेलेल्या जनावरापेक्षा भांडणारं बरं."

एकत्र सोडायचं कुठे? पिंजऱ्यात सोडलं तर पुन्हा तेच. मी बाथरूममध्ये गेले. टब कोरडा केला, तळाशी चादर पसरली, मधोमध गवताचा मोठा ढीग ठेवला. तिथे घर नव्हतं, दार नव्हतं, त्यामुळे कुणाचं कशावर राज्यही नव्हतं. आधी धाकटीला ठेवलं, मग थोरलीला. मी टबाच्या कडेला हात आत सोडून बसले. थोरलीनं दात दाखवले तर तिला उचलायची तयारी होती.

थोरलीनं धाकटीचं नाक हुंगलं. कान हुंगला, ओरखडा होता तो. मग तोच घर्रर्र आवाज काढत तिच्याभोवती फिरली. मी हात पुढे केला. पण धाकटी पळाली नाही. ती थोरलीच्या हनुवटीखाली डोकं घालून बसली आणि घशातून बारीक कुकुकु आवाज काढायला लागली. इतके दिवस मी तिचा आवाजच ऐकला नव्हता. थोरलीनं गवताची एक काडी ओढली आणि चघळायला सुरुवात केली. काडीचं दुसरं टोक धाकटीच्या नाकासमोर हलत होतं. ते तिनं बराच वेळ नुसतं पाहिलं. मग तोंडात धरलं.

नवरा आला तेव्हा मी बाथरूमच्या फरशीवर बसलेले. "काय गं? काय झालं? मेली का?" तो दारातूनच घाबरून म्हणाला.

"हळू बोला. जेवतेय."

त्यानं दवाखान्यात फोन केला. पलीकडच्या बाईनं बरंच काही विचारलं. खातेय का, लेंड्या टाकतेय का, नाकातून पाणी येतंय का. खात असेल तर संध्याकाळपर्यंत नीट लक्ष ठेवा, थांबली तर लगेच घेऊन या, म्हणाली. मी टबापासून हलले नाही. दुपारनंतर चादरीवर धाकटीच्या लेंड्या दिसल्या, आणि मी त्या नवऱ्याला बोलावून दाखवल्या. तोही वाकून बघत राहिला. कोणी पाहिलं असतं तर काय म्हणालं असतं!

पण टबात त्या किती दिवस राहणार? आडोशाशिवाय ह्या जनावराचा जीव थाऱ्यावर राहत नाही. खिडकीवरून पाखराची सावली गेली तरी त्या दोघी दगड व्हायच्या. घर हवंच होतं. मी ते सागवानी घर ओट्यावर ठेवलं आणि पहिल्यांदा नीट न्याहाळलं. देवाला मागच्या दाराची गरज नसते. तो आत बसला की बसला. ह्या दोघींचं मात्र सगळं जगणंच पळण्यावर. आत असलेलीला वाटायचं, आता मी कोंडले गेले, म्हणून ती दात वाजवायची. थोरली दारात बसायची ती कदाचित पहारा द्यायला असेल, कदाचित तिला स्वतःलाच आत कोंडून घ्यायची भीती असेल. मला काय ठाऊक. खोट स्वभावात कमी आणि घरात जास्त होती, एवढं मला कळलं.

शनिवारी नवऱ्यानं जनावरांच्या दुकानात नेलं. लपायच्या जागांची तिथे एक आख्खी भिंत होती. मी प्रत्येक वस्तू संशयानंच हातात घेतली. प्लास्टिकचा घुमट, त्यालाही एकच दार. रंगीत लाकडी झोपडी दोन दारांची होती, पण नखानं खरवडली तर रंग निघाला. ह्या तर दिसेल ते कुरतडतात. गवताचं विणलेलं घर छान होतं, पण आत बोट फिरवलं तर बारीक तार टोचली. एक लांब नळी होती, तिच्यात थोरलीचं पोट नक्की अडकलं असतं. मी एकेक घर नाकाशी नेऊन हुंगत होते आणि दुकानातली पांढऱ्या केसांची बाई कपाटं लावायच्या निमित्तानं माझ्या मागे मागे येत होती.

"अगं, वास काय घेतेस? मेथी आहे का ती?" नवरा दबक्या आवाजात म्हणाला. "ती बाई बघ कशी बघतेय."

"बघू दे. मी चोरत नाहीये. डिंक लावलाय की नाही बघतेय."

शेवटी काहीच न घेता निघालो. नवऱ्यानं त्या बाईला उगाचच दोनदा थँक यू म्हटलं.

घरी पोह्यांच्या पाकिटांचं कोरं खोकं होतं. चिकटपट्टी सोलली, पिना एकेक करून काढल्या, आतून हात फिरवून पाहिला. दारं कापताना पहिल्यांदा चुकलेच. दोन्ही दारं एकाच बाजूला कापली. थोरली दोन्हींच्या मधोमध अशी काही बसली की धाकटीला पुन्हा तोच तुरुंग. मग दुसरं खोकं घेतलं आणि समोरासमोर दारं केली, थोरलीच्या पोटाला कड घासणार नाही इतकी रुंद. पहिल्याला मागच्या बाजूनं आणखी एक भोक पाडलं. म्हणजे दोघींना दोन घरं, आणि आत शिरलेलीला पलीकडून निसटायची वाट. जुन्या सुती साडीचा तुकडा पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यावर मांडवासारखा टाकला. दोरे सुटून नखात अडकू नयेत म्हणून चारी कडा दुमडून शिवून घेतल्या. सागवानी घर पुसून कपाटात ठेवलं. ठेवताना धाकधूक झालीच, ताई विचारतील तेव्हा काय सांगायचं?

पहिल्या दिवशी मी मुद्दाम कुकर लावला. शिट्टी झाली आणि दोघी धावल्या. थोरली एका दारानं आत गेली, धाकटी तिच्या मागोमाग आत गेली आणि पलीकडच्या दारानं बाहेर पडून दुसऱ्या खोक्यात. दात वाजले नाहीत. थोड्या वेळानं थोरलीच उठून धाकटीच्या खोक्यात गेली. जागा असून दोघी एकातच!

तरी माझा विश्वास बसेना. रोज मी काहीतरी शोधायची. आज कमी तर खाल्लं नाही? कान तर गरम नाही? अंग का खाजवते? पण धाकटी भरत गेली. फ्रिज उघडला की आता दोन शिट्ट्या यायच्या, एक जाड आणि एक बारीक. एका सकाळी ताजं गवत घातलं तर ती जागच्या जागी हवेत उडाली, तव्यावरची लाही उडावी तशी, मग पुन्हा उडाली. मला वाटलं फीट आली. नवऱ्याला ऑफिसात फोन केला. तो हसत म्हणाला, "खूश झाली की तसं करतात. वाचलंय मी." म्हणजे मी पाठ वळवली की तो त्यांच्याबद्दल वाचत होता.

ताई परत आल्या त्या दिवशी डोळे जेट लॅगनं सुजलेले, तरी लेक त्यांना ओढतच खाली घेऊन आली. पिंजऱ्याजवळ माणसं आली तसा दोघींनी लगेच खोक्यांत आसरा घेतला. मग पांढरं नाक बाहेर आलं, आणि धाकटी चालत गजांपाशी येऊन ताईंच्या हाताकडे तोंड करून उभी राहिली.

ताईंनी हात मागे घेतला. पिंजऱ्याकडे पाहिलं, खोक्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज अगदी मऊ करून त्या म्हणाल्या, "काही झालं असेल तर सांग हं. मी रागावणार नाही. ही... आमचीच आहे ना?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. जुनी मेली आणि मी दुकानातून दुसरी पांढरी आणून ठेवली, असं त्यांना वाटत होतं. "तुमचीच आहे, ताई," एवढंच तोंडातून आलं, आणि ते मलाच खोटं वाटलं.

"नाही गं, ही एवढी जाड, आणि हातापाशी येतेय. आमची तर कधी..."

लेकीनं एव्हाना दार उघडून धाकटीला उचललं होतं. तिनं तिचा कान उलटा केला, मागचा पाय पाहिला, पोटावरची तपकिरी ठिपक्याची जागा पाहिली, सावकाश, डॉक्टरसारखं. मग ती म्हणाली, "आई, इट्स हर! शी इज जस्ट नॉट स्केअर्ड." आणि मला विचारलं, "मावशी, कॅन आय टेक द बॉक्सेस टू?"

"ने की."

"आणि आपलं घर कुठंय?" ताईंनी विचारलं. मी कपाटातून सागवानी घर काढून दिलं. त्यांनी ते फिरवून चारी बाजूंनी पाहिलं, कळसावरून अंगठा फिरवला आणि काखेत धरलं. "मी आपलं सहज विचारलं हं. वाईट वाटून घेऊ नकोस."

"छे, वाईट कसलं."

लेकीनं ओट्यावरची कोथिंबिरीची काडी घेऊन धाकटीच्या तोंडाशी धरली होती. काडी सरसर आत जात होती, खाली पिंजऱ्यातून थोरली शिट्ट्या मारून मारून आपला वाटा मागत होती, आणि ताई डोळे बारीक करून अजून त्या पांढरीचा कान न्याहाळत होत्या.